आतोबांचा ढकल्या

यंत्रावर इतका विश्वास आणि यंत्र दुरुस्त करणाऱ्यावर इतका अविश्वास असलेला माणूस आमच्या आतोबांखेरीज रत्नागिरी तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि सरकारने घरोघर फिरून शिरगणती केली तरी सापडायचा नाही. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. पण मी लहानपणापासून त्यांच्या अंगणात उभा राहून "आतोबाऽ" अशी आरोळी ठोकत आल्यामुळे आमच्या झाडगावातली सगळी आळी त्यांना आतोबाच म्हणते. दूधवाला म्हणतो, पोस्टमन म्हणतो, वयाने त्यांच्याहून थोरले असलेले शेजारचे वकीलसुद्धा म्हणतात. आपण इतक्या लोकांच्या आत्यांशी लग्न केल्याचं आतोबांनी कधी मनावर घेतलं नाही. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून ते निवृत्त झाले, त्याला आता बराच काळ लोटला. पण पंखा, मिक्सर, शिवणयंत्र, पाण्याचा पंप यांतलं काहीही बिघडलं तरी ते दुरुस्त करायला बाहेरचा माणूस त्या घराचा उंबरा ओलांडून आत आलेला मी पाहिला नाही. "तो मेला दहा घरची यंत्रं बघतो, त्याला आपल्या यंत्राचा स्वभाव काय ठाऊक?" हे त्यांचं म्हणणं. मग ते स्वतः बसत आणि पंखा पूर्वी नुसता फिरायचा नाही तो आता फिरायचा नाही आणि वर किरकिरायचाही.

सगळ्या दुखण्यांवर त्यांचं औषध एकच, घरच्या नारळांचं घाण्यावर काढलेलं खोबरेल. दाराच्या बिजागऱ्यांना खोबरेल, कुलपांना खोबरेल, शिवणयंत्राला खोबरेल, गुडघ्यांना खोबरेल आणि रोज रात्री दोन्ही कानांत खोबरेल. कानांनी त्यांना फार पूर्वीपासून कमी ऐकू येतं. ते खोबरेलामुळे की खोबरेल असूनही, यावर आमच्या घराण्यात दोन पक्ष आहेत. कानाच्या डॉक्टरांनी यंत्र लावायला सांगितलं, तेव्हा आतोबांनी त्यांना विचारलं, "त्यात तेल कुठून सोडायचं?" तेल सोडायची सोय नाही म्हटल्यावर ते यंत्र त्यांच्या मनातून उतरलं ते कायमचं.

आता सायकलीकडे येतो, कारण आतोबांचं व्यक्तिचित्र काढायचं आणि सायकल वगळायची म्हणजे गणपती मांडायचा आणि सोंड विसरायची. ही सायकल बोटीवर नोकरीला असलेल्या त्यांच्या एका मित्राने कुठल्याशा परक्या बंदरातून आणली आणि मुंबईहून एस.टी.च्या टपावर बांधून पाठवली. त्या काळी रत्नागिरीत सायकल म्हणजे काळी, उंच, दणकट आणि एकाच वेगाची. ही निळी, सडपातळ आणि गिअरची. लोक बघायला आले. आतोबांनी पहिल्याच आठवड्यात तिला लोखंडी कॅरिअर जोडून घेतलं, कारण ज्या सायकलवर बायको बसू शकत नाही ती सायकल ब्रह्मचाऱ्याची, असं त्यांचं मत होतं. तिच्या पायडलपाशी दातेरी चाकं दोन, एक मोठं आणि एक लहान. सपाटीला मोठं लावायचं, चढाला लहान. आतोबांनी मोठ्याचं नाव ठेवलं थोरली आणि लहानाचं धाकटी. साखळी थोरलीवरून धाकटीवर आणि धाकटीवरून थोरलीवर नेणारा एक लहानसा सांगाडा त्या चाकांच्या वर असतो. दांडीवरची कळ ओढली की तार त्याला बाहेर खेचते, कळ सोडली की त्याची स्प्रिंग त्याला आत आणते. इंग्रजीत त्याला डिरेलर म्हणतात हे मला अलीकडे कळलं. आतोबा त्याला ढकल्या म्हणतात. "तो उचलत नाही, ओढत नाही. नुसता कडेने ढकलतो, बाकी साखळी आपली आपण जाते. संसारात इतकंच करावं माणसानं," असं ते प्रत्येक लग्नात नवरदेवाला सांगत. नवरदेव हसून मान डोलवायचा आणि त्याला काहीही कळलेलं नसायचं.

त्या ढकल्यालाही अर्थातच खोबरेल. आता खोबरेल आणि सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावरची, तांबडी धूळ एकत्र आली की जो लेप होतो तो कुठल्याही यंत्राच्या सांध्यात बसला की वज्रलेपच. शिवाय पौषात सकाळी जरा गारठा पडला की खोबरेल थिजतं. मग ढकल्याही थिजायचा. अशा वेळी आतोबा सायकल अंगणात उन्हाला उभी करून ठेवत आणि स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसत. कोणी विचारलं तर "दोघं ऊन खातोय" म्हणत. दुसरं एखादं पातळ तेल वापरा असं मी एकदा सुचवलं. मी शाळेत भूगोल शिकवतो, तेव्हा यंत्रातलं मला कळत नाही, हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं आणि पुढे वेळोवेळी सांगत राहिले.

माणसंही ते सायकलीवरूनच पारखत. अमका चढावर उतरतो, तमका उतरत नाही. बस्स, आणखी काही कुंडली बघायला नको. त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, म्हणजे माझ्या आतेबहिणीला, पुण्याचं स्थळ आलं तेव्हा मुलगा, त्याचे आईवडील, पोहे, चहा असं सगळं यथासांग चाललेलं असताना आतोबांनी मुलाला एकच प्रश्न विचारला. "चढ आला की काय करता?" मुलगा गोंधळला आणि म्हणाला, "काही करावं लागत नाही, गाडीचे गिअर आपोआप बदलतात." मंडळी गेल्यावर आतोबा आत्याला म्हणाले, "मुलगा सज्जन दिसतो गो. पण पुढे कधी चढ लागला तर त्याला कळायचंसुद्धा नाही." लग्न झालं आणि उत्तम झालं. जावई आजही आतोबांना वचकून असतो.

आणि दर रविवारी सकाळी आतोबा आणि आत्या त्या सायकलवरून कलमांवर जायची. भाट्याच्या पुलापलीकडे चढ चढून गेलं की गोळपच्या सड्यावर त्यांची हापूसची थोडी कलमं आहेत. आतोबा पुढे, आत्या मागे कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी, पिशवीत डबा. पूल ओलांडायचा, सुरूच्या बनाच्या कडेने जायचं, आणि झरी विनायकाचं देऊळ आलं की तिथूनच चढ सुरू. देवाला नमस्कार करायचा तो नेमका धाकटी लावायच्या वेळी. आतोबांचा एक हात हँडलवर, दुसरा कळीवर, म्हणून दोघांचाही नमस्कार आत्याच करायची. खरी गंमत पुढे होती. त्या सायकलची कळ जुन्या धाटणीची, नेमकी जागा सांगणारी नाही. जरा कमी-जास्त झाली की साखळी ढकल्याला घासत राहते, खर्र खर्र करते. ते कानांनी ऐकूनच जमवावं लागतं आणि आतोबांच्या कानांत तर खोबरेल. म्हणून साखळी धाकटीवर पडली की नाही आणि खरखर गेली की नाही, ते मागे बसून आत्या ऐकायची.

"काय गो, पडली?"

"पडली हो. पण घासतेय."

"आता?"

"जरा आणखी… हां, पुरे. गेली."

मी शाळकरी वयात माझ्या सायकलवरून, म्हणजे चढावर सायकलशेजारून, त्यांच्या मागे जायचो आणि हा संवाद वळणावळणाला ऐकायचो. एवढंच बोलणं करीत ती दोघं अख्खा चढ चढून जायची. घरी तशी त्यांची भांडणंही भरपूर व्हायची, पण त्या चढावर मी त्यांना कधी भांडताना ऐकलं नाही. पुढे माझं लग्न झालं, स्कूटर आली, आणि आम्ही नवराबायको हेल्मेटं घालून चढ चढू लागलो. वर पोचेपर्यंत आम्हाला एकमेकांचं एक अक्षर ऐकू यायचं नाही. तेव्हा मला त्या दोघांचा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो.

चारेक वर्षांमागे आत्या गेली. आतोबांनी कोणाला काही दाखवलं नाही. तेराव्यानंतरच्या रविवारी सायकल काढून ते एकटे कलमांवर गेले. फरक इतकाच पडला की साखळी थोरलीवरच राहिली. चढ आला तरी थोरलीच. उभं राहून, दात-ओठ खाऊन ते चढायचे. मी म्हटलं, "आतोबा, धाकटी लावा की." ऐकू आलं नाही असं त्यांनी दाखवलं. बहिरेपणाचा हा एक मोठा फायदा आहे. पण वयापुढे थोरली किती दिवस टिकणार? एके दिवशी आळीत बातमी आली, आतोबा दुसऱ्या वळणावर उतरले. विचारलं तर म्हणाले, समुद्र बघायला उतरलो. पुढच्या रविवारी करवंदं बघायला उतरले. त्याच्या पुढच्या रविवारी चाकातली हवा बघायला. मग एका रविवारी चक्क घरीच राहिले, आणि सकाळभर ओटीवर बसून शिवणयंत्राला तेल घालत होते. त्या यंत्रावर आत्या गेल्यापासून कोणी टाका घातला नव्हता.

एक दिवस पुण्याहून मुलीचा फोन आला. मी तिथेच होतो. आतोबा फोनवर मोठ्याने बोलतात आणि पलीकडच्यालाही मोठ्याने बोलायला लावतात, त्यामुळे सगळं आळीलाही ऐकू गेलं. "बाबा, तुम्हाला वर जायला जमत नाही. मग कलमं ठेवायची कोणासाठी? घ्यायला गिऱ्हाईक आलंय, देऊन टाकू या. आणि तुम्ही इकडे या." तिचं चुकत नव्हतं. मोहराला तुडतुडा लागला तर बघायला कोणी नाही, वणवा आला तर कोणी नाही. आतोबांचा चेहरा उतरला. मग ते म्हणाले, "जमत नाही असं कोणी सांगितलंन तुला? हा मोहर संपायच्या आत मी माझ्या सायकलीने, न उतरता वर गेलो तर कलमं राहतील. नाही गेलो तर दे कोणाला द्यायची त्याला आणि ने मला पुण्याला." पलीकडून मुलगी "कबूल" म्हणाली.

मी त्यांना परोपरीने सांगितलं की दर रविवारी मी स्कूटरवरून नेतो. "जो मालक दुसऱ्याच्या मागे बसून कलमं बघायला जातो तो मालक नव्हे, पाहुणा," आतोबा म्हणाले. रिक्षा? पाहुणा. एस.टी.? पाहुणा. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. शेवटी मीच चिडलो. म्हटलं, "मग धाकटी लावायला काय होतं तुम्हाला? ती चाकी काय शोभेला ठेवलीय?"

आतोबा म्हणाले, "ती तिची आहे रे."

"चाकी?"

"मी एकटा असलो तर कधी लावायचो का? ऐन तारुण्यात कशाला लागते धाकटी? ती मागे बसायची म्हणून लावायची. ती बसायची नाही तेव्हा थोरलीच. आता एकट्यासाठी लावायची म्हणजे…" त्या घरात यंत्रांवर आजवर इतकं बोलणं झालं असेल, पण इतकं थोडं बोलून इतकं सांगितलेलं मी तेव्हाच ऐकलं.

मोहर मात्र कोणाची वाट बघत नाही. दोन आठवडे गेले आणि एका सकाळी आतोबाच सायकल घेऊन माझ्या अंगणात आले. "जरा हात लाव," म्हणाले. ढकल्या थोरलीवर पार अडकून बसला होता. खारा वारा, खोबरेल आणि तांबडी धूळ यांनी मिळून त्याची स्प्रिंग कायमची झोपवली होती. आम्ही डिझेल ओतलं, हलवलं, ठोकलं आणि शेवटी तो हलला, पण मोडून. मग मी मोबाइलवरून नवा मागवला. तो आला तर त्याची कडी सायकलच्या नळीपेक्षा मोठी. आतोबा म्हणाले, त्यात काय आहे! त्यांनी परसातल्या पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं चिवट आवरण, कापून तिची पट्टी नळीभोवती गुंडाळली आणि वर ढकल्या आवळला. बसला अगदी फिट. पण विरी म्हणजे जेवायच्या पत्रावळीचं द्रव्य, ती दाबाखाली चेपली आणि पहिल्याच फेऱ्यात ढकल्या सबंध फिरून थोरलीच्या दातांत शिरला. मग डब्याच्या पत्र्याची पट्टी घातली. ढकल्या आणि थोरलीचे दाते यांत फट ठेवायची ती बारीक, पण किती बारीक, तर आतोबांनी स्वयंपाकघरातून एक जाडा पोहा आणला आणि मधे धरून बघितला. पोहा जेमतेम सुटला. "ही फट," म्हणाले. सगळं घट्ट आवळून, हात धुऊन, चहा घेऊन आम्ही मागे सरून कौतुकाने पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की साखळी ढकल्याच्या बाहेरच राहिली आहे. पुन्हा त्याच्या शेपटाचा स्क्रू काढला, साखळी आत घेतली, स्क्रू लावला. आता राहिले ते दोन बारके स्क्रू. साखळीने आत किती पडावं ते एक ठरवतो आणि बाहेर किती जावं ते दुसरा. आतोबा पेचकस फिरवीत आणि माझ्याकडे बघत. मी कान लावून "घासतेय, घासतेय, गेली" असं सांगत होतो. ते सांगताना माझा आवाज मलाच परका वाटत होता. त्या दोन शब्दांवर माझा हक्क नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

रविवारी आतोबा निघाले. मागून मी, स्कूटरवर, पायी चालल्याच्या वेगाने. पूल गेला, सुरूचं बन गेलं. झरी विनायकापाशी त्यांचा हात कळीवर गेला. खट् आवाज झाला.

"पडली!" मी ओरडलो. "पण घासतेय!"

"आता?"

"जरा आणखी! हां, पुरे!"

आणि आतोबा चढू लागले. पाय भराभर फिरताहेत आणि सायकल मुंगीच्या पावलांनी पुढे जातेय असं ते दृश्य होतं. मागून येणारे ट्रक भोंगे वाजवून दमले आणि वळसा घालून गेले. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, समुद्र खाली राहिला. आतोबा उतरले नाहीत. समुद्राकडे बघितलंसुद्धा नाही. सडा लागला आणि मी स्कूटरवरच टाळ्या पिटल्या, त्यात पडता पडता वाचलो.

कलमं मोहराने लगडलेली होती. आतोबा कलमांभोवतीच्या कुंपणाला, जांभ्याच्या गडग्यावर टेकले, धापा टाकत होते. मी म्हटलं, "जिंकलात आतोबा! पुण्याला फोन लावू का?"

"हलकी लागली रे," ते म्हणाले.

"मग चांगलंच झालं की!"

"चांगलं कसलं? पायांखाली काही नाहीच असं वाटत होतं. जन्मभर ती चाकी लावली ती मागे तिचं ओझं असताना. रिकामी कशी लागते ते मला कुठे ठाऊक होतं?" एवढं बोलून आतोबा रडले. आत्या गेली त्या दिवशीही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी नुसता त्यांच्याशेजारी गडग्यावर बसलो. बऱ्याच वेळाने ते उठले आणि एकेका कलमाचा मोहर वाकवून तुडतुडा बघू लागले.

कलमं राहिली. मुलगी शब्दाची पक्की, तिने पुन्हा तो विषय काढला नाही. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. ढकल्या ठणठणीत आहे, त्याला खोबरेलही मिळू लागलंय, म्हणजे पौषात पुन्हा ऊन खायला बसणार. आतोबा दर रविवारी वर जातात. पण सायकलवर बसून नाही. झरी विनायकापाशी ते उतरतात, दोन्ही हात जोडून सावकाश नमस्कार करतात आणि तिथून सायकल हाताने लोटत चढ चढतात. आळीला हे कळलं तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. रस्त्यात ओळखीचे लोक थांबून विचारतात, "आतोबा, सायकल बिघडली?" त्यावर ते रागावतात. "बिघडेल कशाला? नुकता नवा ढकल्या बसवलाय!"

परवाच्या रविवारी मी त्याच रस्त्याने पावस गावाला निघालो होतो, तेव्हा चढावर ते पुढे दिसले. डावा हात हँडलवर होता आणि उजवा मागे कॅरिअरवर, मागे कोणी बसलेलं असलं की धरतात तसा. कॅरिअरवर काहीही नव्हतं. मी शेजारी स्कूटर थांबवली आणि त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "आतोबा, जड जात नाही?"

"जातं की," ते म्हणाले. "बरं वाटतं. तू हो पुढे."

मी पुढे झालो. वरच्या वळणावर थांबून मागे पाहिलं, तर ते अजून खालीच होते, सावकाश येत होते. मला आत्याची फार आठवण आली.